अण्णाभाऊंची ‘मैना’ आणि सीमेवरचे श्रोते

१८९१ साली मुंबईत एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ हे त्याचे नाव. हॅरी ॲक्वर्थ हे इंग्रज अधिकारी आणि शंकर तुकाराम शाळिग्राम हे त्याचे संपादक. गोंधळ्यांच्या आणि शाहिरांच्या तोंडी पिढ्यान् पिढ्या नांदत आलेले पोवाडे यात प्रथमच मोठ्या प्रमाणावर छापले गेले. अज्ञानदासाने रचलेला अफजलखानवधाचा आणि तुळशीदासाने रचलेला सिंहगडाचा पोवाडा सुशिक्षित मराठी वाचकाच्या हाती आला तो या खटाटोपामुळे. पुढे १९२८ साली य. न. केळकरांनी ‘ऐतिहासिक पोवाडे’ सिद्ध केले आणि शाहिरी हा इतिहासाचा व वाङ्मयाचा एक मान्य विषय झाला. जुन्या मराठी ग्रंथालयांच्या कपाटांत ही पुस्तके असतात. वाचक ती चाळतो, एखादे कडवे मनातल्या मनात वाचतो आणि त्याच्या ध्यानात येते की, आपल्या हाती जे लागले आहे ते गाण्याचे टरफल आहे. डफावरची थाप, तुणतुण्याची सलग तार, झिलकऱ्यांनी उचललेला ‘जी जी रं जी’, शाहिराने मध्येच थांबून समोरच्या मंडळींना घातलेली साद, यांतले काहीही कागदावर उतरत नाही.

सीमाभागातील वाचकाला या संदर्भात आणखी एक गोष्ट आठवावी. ज्या काळात ॲक्वर्थ मराठी पोवाडे गोळा करीत होते त्याच सुमारास जे. एफ. फ्लीट या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्याने कानडी मुलखातील वीरगीते टिपून ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात छापली. बेळगाव, धारवाड, विजापूर या भागांत कानडीतही लावणी आहे. आणि तेथील ‘गीगी पद’ या प्रकाराचे नावच मुळी झिलकऱ्यांच्या पालुपदावरून पडलेले आहे. डफ तोच, तुणतुणेही तेच. संगोळ्ळी रायण्णाची गाणी ज्या थाटात म्हटली जातात तो थाट मराठी पोवाडा ऐकलेल्या माणसाला परका वाटत नाही. शाहिरी ही या मुलखाची दोन्ही भाषांतली मिळकत आहे, हे भांडणाच्या भरात विसरले जाते.

या परंपरेतला विसाव्या शतकातला सर्वांत समर्थ रचनाकार कोण, या प्रश्नाला पठ्ठे बापूरावांपासून वामनदादा कर्डकांपर्यंत अनेक उत्तरे देता येतील आणि त्यांपैकी एकही अगदीच चुकीचे ठरणार नाही. तथापि ज्याची रचना आणि ज्याचे सादरीकरण यांनी एका राजकीय आंदोलनाचा आवाज घडविला, आणि ज्याच्या एका गाण्यात बेळगावचे नाव कायमचे कोरले गेले, असा शाहीर म्हणजे अण्णाभाऊ साठे. कादंबरीकार म्हणून त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. ‘फकिरा’ ही १९५९ ची कादंबरी विद्यापीठांत शिकविली जाते. मात्र ‘फकिरा’चा लेखक ज्या शाळेत तयार झाला ती शाळा म्हणजे डफ-ढोलकीचा फड होय, याकडे वाङ्मयाच्या अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले.

तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवे तालुक्यातील वाटेगाव येथे मातंग कुटुंबात झाला. अक्षरओळखीपलीकडचे शालेय शिक्षण त्यांना लाभले नाही. १९३१ च्या सुमारास सारे कुटुंब पोटासाठी वाटेगावाहून मुंबईला चालत निघाले. वाटेत मिळेल ते काम करायचे, मिळेल ते खायचे आणि पुढे चालायचे. अकरा वर्षांच्या मुलाने हा प्रवास पायांनी मोजला. पुढे मुंबईत हमाली, फेरीवाल्याचे ओझे, गिरणीतली कामे असे त्या काळच्या दलित कामगाराच्या वाट्याला येणारे सगळे त्यांनी केले. मध्यंतरी ते गावाकडे परतले आणि नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात उभे राहिले. हा काळ फार मोठा नसला तरी निर्णायक होता. गण कोठे संपवावा, गवळणीत प्रेक्षकाला कसे हसवावे, बतावणीचा शब्द कोठे तोडावा, वगात श्रोता पेंगू लागला की सोंगाड्याने काय करावे, ही विद्या पुस्तकात नसते. ती फडावरच मिळते, आणि चुकीची शिक्षाही तेथल्या तेथे मिळते, कारण तमाशाचा प्रेक्षक भिडेखातर टाळी देणारा नव्हे.

मुंबईत माटुंग्याच्या लेबर कँपात ते कम्युनिस्ट चळवळीच्या संपर्कात आले. तेथील डासांवर त्यांनी गाणे रचले, ही त्यांच्या कवित्वाची सुरुवात मानली जाते. पहिल्याच गाण्याचा विषय डास असावा, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आधीच्या शाहिरांनी गड, रणांगण, पैठणी आणि नायिकेचा नखरा यांवर गाणी केली; या शाहिराने आपल्या वस्तीच्या गटारातून वर आलेला शत्रू निवडला. श्रोत्यांना तो रोज रात्री भेटत होता. जे रोज अंगाला डसते त्यावर गाणे होऊ शकते, हा शोध त्यांना आरंभीच लागला आणि पुढे त्यांनी तो कधी सोडला नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रचलेल्या ‘स्टालिनग्राडचा पवाडा’ या रचनेने त्यांचे नाव कामगारवस्त्यांच्या बाहेर गेले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावर त्यांनी ‘बंगालची हाक’ लिहिली. अमळनेरच्या हुतात्म्यांवर, तेलंगणाच्या लढ्यावर, पंजाब-दिल्लीच्या दंग्यावर पोवाडे लिहिले. या रचनांबद्दल एक गोष्ट स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. त्यांत पक्षाची भूमिका उघडपणे बोलते आणि काही ठिकाणी ती गाण्यापेक्षा मोठ्याने बोलते. १९४२ साली ‘लोकयुद्धा’चा पुरस्कार करणारा पक्ष ‘चले जाव’ आंदोलनापासून दूर राहिला, आणि तेव्हा खुद्द अण्णाभाऊंच्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहत होते. स्टालिनविषयी जगाला नंतर जे कळले ते त्या पोवाड्याच्या वेळी लेबर कँपातल्या शाहिराला ठाऊक असणे शक्य नव्हते. तरीही त्या पोवाड्यात नगर वाचविणाऱ्या साध्या माणसांची जिद्द जेथे येते तेथे तो आजही वाचवतो, आणि जेथे केवळ जयजयकार येतो तेथे तो थंड पडतो. शाहिरीचा हा जुनाच नियम आहे. पेशवाईतील कित्येक पोवाडे याच कारणाने विस्मृतीत गेले.

१९४४ साली अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी ‘लाल बावटा’ कलापथक उभे केले. हे त्रिकूट मराठी लोकरंगभूमीच्या इतिहासातील एक दुर्मीळ योग होय. अमर शेख मूळचे बार्शीचे. मेहबूब पटेल हे त्यांचे पाळण्यातले नाव. गाडीवर क्लीनर, गिरणीत कामगार, चळवळीत कैदी असा प्रवास करून ते गाण्याकडे आले होते. त्यांचा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला सहज पोहोचे. आचार्य अत्र्यांनी त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटले ते त्यांच्या काव्याइतकेच त्या आवाजालाही उद्देशून असावे. ‘कलश’ व ‘धरतीमाता’ हे अमर शेखांचे काव्यसंग्रह ग्रंथालयांत सापडतात. त्यांतली कविता भडक वाटली तर वाचकाने इतके लक्षात घ्यावे की ती दिवाणखान्यासाठी लिहिलेली नाही. गव्हाणकर स्वतः चांगले शाहीर आणि संघटक. अण्णाभाऊ रचनाकार, नट, गायक आणि प्रसंगी वादकही. देहाने लहानखुरे, सावळे, साधे कपडे घातलेले. बुजुर्ग शाहिराचा फेटा-शेल्याचा डौल त्यांच्यापाशी नव्हता. गाणे सुरू झाले की तो डौल शब्दांतून येई.

कलापथकाच्या कार्यक्रमाची घडण पाहण्यासारखी आहे. तमाशाचा सांगाडा त्यांनी मोडला नाही. गण ठेवला, परंतु गणपतीच्या जागी मायभूमी, कष्टकरी आणि हुतात्मे यांना वंदन आले. गवळणीतला राधा-कृष्णाचा शृंगार गळला. बतावणीची धार मात्र शाबूत राहिली, किंबहुना वाढली. वगाच्या जागी ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘माझी मुंबई’ अशी नाट्ये उभी राहिली. त्यांत राजा आणि प्रधान यांच्या ठिकाणी सावकार, काळाबाजारवाला व पुढारी आले. आणि सोंगाडी, जो पूर्वीच्या वगात फक्त हसवीत असे, तो इथे शहाणा ठरला. श्रोत्याला हसता हसता समजावे की ज्याला गाव येडा म्हणतो त्यालाच हिशेब कळलेला आहे, अशी ही योजना होती. ‘अकलेची गोष्ट’ची संपूर्ण गंमत या उलटापालटीत आहे. १९४८ च्या सुमारास तमाशावर सरकारी बंदी आली. याच काळात कम्युनिस्टांवरही सरकारची वक्रदृष्टी वळली होती आणि कलापथक तिच्या कचाट्यातून सुटले नाही. ‘तमाशा’ या शब्दाऐवजी ‘लोकनाट्य’ हा शब्द रूढ होण्यामागे या घडामोडींचा मोठा वाटा आहे. पुढे मध्यमवर्गीय रंगभूमीने हा शब्द आनंदाने उचलला. तो कोणत्या अडचणीतून जन्मला याची आठवण ठेवण्याचे तिला कारण पडले नाही.

‘मुंबईची लावणी’ ही या काळातील त्यांची लक्षणीय रचना. पठ्ठे बापूरावांनी मुंबईच्या वैभवाचे कौतुक करणारी लावणी पूर्वी गायिली होती. रेठरे हरणाक्षचा हा कुलकर्णी, जात आणि वतन सोडून तमाशात आलेला, मुंबईच्या झगमगाटाने दिपून गेला तर त्यात नवल नव्हते. प्रेक्षकही त्याच दिपलेल्या डोळ्यांनी ऐकत होते. अण्णाभाऊंनी तोच विषय आणि तीच वर्णनाची रीत घेतली. मलबार हिलच्या थाटापासून आरंभ केला, आणि नजर हळूहळू परळकडे, चाळींकडे, कोंदट खोल्यांकडे वळविली. बापूरावांची लावणी ज्यांना पाठ होती त्यांना या उत्तराची चव अधिक कळली असणार. जुन्या शाहिराचा असा पाणउतारा न करता त्याला उत्तर देणे ही फडातली मोठी अदब आहे. कलगी-तुऱ्याच्या सवाल-जबाबात वाढलेल्या माणसालाच ती साधते.

आता मुख्य गाण्याकडे यावयाचे, पण त्याआधी काही तारखा मांडणे अवश्य आहे. १९४६ च्या मे महिन्यात बेळगाव येथे ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला तेथे संघटित रूप आले. मराठी राज्याचा ठराव ज्या गावात झाला तेच गाव पुढे त्या राज्याबाहेर राहिले. १९५५ च्या ऑक्टोबरमध्ये राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. चंदगड वगळून बेळगाव जिल्हा कर्नाटकात घालावा अशी त्याची शिफारस होती. नोव्हेंबरमध्ये मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या परिसरात गोळीबार झाला. १६ जानेवारी १९५६ रोजी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली. दुसऱ्याच दिवशी, १७ जानेवारीला, बेळगावात गोळीबार होऊन माणसे मारली गेली. त्या दिवशी सीमाभागात हुतात्मादिन पाळला जातो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, कारवार हा मुलूख तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. डांग आणि उंबरगाव गुजरातकडे गेले.

या वर्षांत अण्णाभाऊ, अमर शेख, गव्हाणकर आणि त्यांच्याबरोबर शाहीर साबळे आदी अनेक शाहीर मैदानांवर गात होते. सभा ठरलेल्या वेळी सुरू होत नसे. पुढारी एका सभेतून दुसऱ्या सभेकडे धावत असत. तोवर हजारोंचा जमाव धरून ठेवणे हे काम शाहिरांचे. भाषणाआधी वेळ भरून काढणारा माणूस एवढीच ज्यांची आरंभी किंमत केली गेली त्यांनी आंदोलनाला गाता येणारा शब्द दिला. भाषण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येई; गाणे त्याच रात्री चाळीच्या जिन्यावर पोहोचत असे.

‘माझी मैना’ ही छक्कड या काळाचे अपत्य. छक्कड हा लावणीचाच आटोपशीर, जलद चालीचा प्रकार. गाण्याचा आरंभ निखळ शृंगाराचा आहे. मुंबईला आलेला एक माणूस गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढतो. तिचा बांधा, रंग, चालणे, हसणे यांचे वर्णन तो एकामागून एक, आपल्या मुलखातल्या उपमा घेऊन करतो. निघण्याच्या दिवशी तिची समजूत काढण्यासाठी त्याने दागिन्यांची आशा दाखविली. कोल्हापुरी साजापासून नाकातल्या नथीपर्यंत दागिन्यांची माळच तो गुंफतो आणि ती मात्र हसत नाही. हा प्रसंग गाण्याचा आत्मा आहे. ज्याच्या खिशात मोटारीच्या भाड्यापुरतेही पैसे नाहीत तो सोन्याची यादी वाचतो, आणि ऐकणारी बाई ती यादी खरी मानीत नाही. मराठीतील विरहाच्या लावण्यांत इतकी जाणती नायिका क्वचितच सापडेल.

येथे जुन्या परंपरेशी या गाण्याचे नाते तपासून पाहण्यासारखे आहे. पेशवाईतील विरहाची लावणी बहुधा स्त्रीच्या तोंडची. पती मोहिमेवर, हिंदुस्थानात गेलेला. वाड्यात एकटी पडलेली ती झुरते आहे. अण्णाभाऊंनी बोलणारा तोंडवळा बदलला. इथे झुरतो तो पुरुष, आणि तो स्वारीवर गेलेला शिलेदार नाही. तो गिरणीच्या, गोदीच्या किंवा नाक्याच्या कामावर आलेला आहे. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, आणि बेळगावकडचे खानापूर-चंदगड हे तालुके, या सर्व भागांतील घरांना हा पुरुष ओळखीचा होता. पोस्टमन मनिऑर्डर घेऊन येई आणि त्या फॉर्मच्या तळाशी चार ओळींचा मजकूर असे. कित्येक संसारांचा पत्रव्यवहार तेवढाच. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे हळूहळू थांबले व ही मनिऑर्डरही आटली. गाणे मात्र त्या संसारांचा दस्तऐवज म्हणून उरले आहे.

मुंबईत पोहोचल्यावर गाण्याचा सूर पालटतो. घर नाही, काम नाही, काळाबाजार मातलेला. आणि मग, श्रोत्याला धक्का न बसता, परळ, लालबाग आणि फाउंटन गाण्यात शिरतात. बायकोच्या आठवणीने व्याकूळ झालेला माणूस आता मोर्चात उभा आहे. मुंबई महाराष्ट्रापासून तोडू पाहणाऱ्या पुढाऱ्यांना रावण-इंद्रजिताच्या पंगतीला बसवून शाहीर त्यांच्या पाडावाचे वर्णन करतो. रामायण ज्याने फक्त भजनात आणि सोंगांत ऐकले आहे त्यालाही हे राजकारण तत्काळ उमगावे, अशी ही सोय आहे. त्यातील आवेश थोडा मोकाट आहे, हेही कबूल केले पाहिजे. परंतु ज्या मैदानावर शेजारी उभ्या असलेल्या माणसाने कालच गोळीबार पाहिला होता तेथे संयमित उपमा कोणी ऐकल्या नसत्या.

या सगळ्यात पालुपद तेच राहते. जिवाच्या तगमगीचे ते पालुपद दर कडव्याअखेरीस झिलकरी उचलतात. पहिल्यांदा ते बायकोसाठी असते. दुसऱ्या-तिसऱ्यांदा भुकेसाठी. नंतर रक्त सांडलेल्या फाउंटनसाठी. शब्द एकही बदलत नाही, चाल बदलत नाही. बदलतो तो ऐकणाऱ्याच्या मनातला अर्थ. छापील पानावर हे पालुपद ‘धृ.’ या एका अक्षरापुरते उरते आणि वाचक ते ओलांडून पुढे जातो. मैदानावर ते ओलांडता येत नसे, कारण तेवढ्यापुरते गाणे श्रोत्यांच्या मालकीचे होई. ‘माझी मैना’ची खरी रचना या पालुपदात आहे, आणि म्हणूनच ती वाचून कळत नाही.

अण्णाभाऊ स्वतः ती गात आणि अमर शेखांच्या गळ्यातूनही ती महाराष्ट्रभर गेली. पुढच्या पिढीत विठ्ठल उमपांसारख्या शाहिरांनी ती जिवंत ठेवली. प्रत्येकाने तिला आपापला रंग दिला. रचनाकाराच्या हयातीनंतर गाण्याने इतके हात पाहावेत यात त्याचे भाग्य आहे, आणि थोडा धोकाही. अनेक कार्यक्रमांत अलीकडे पहिला भागच रंगवून गायिला जातो. ढोलकी चढते, शिट्ट्या येतात, मैनेच्या रूपाचे वर्णन संपते आणि गाणेही संपते. मुंबई मिळाली, राज्य झाले. तेव्हा उरलेल्या कडव्यांचे प्रयोजन काय, असे गाणाऱ्याला वाटत असेल तर त्याला फार दोष देता येत नाही. पुण्या-मुंबईच्या श्रोत्याला ती कडवी इतिहासातली वाटतात.

सीमेवरच्या श्रोत्याची गोष्ट वेगळी आहे. १९६६ साली सेनापती बापटांच्या उपोषणानंतर महाजन आयोग नेमला गेला. १९६७ च्या अहवालात निपाणीसह काही मुलूख महाराष्ट्राला देण्याची शिफारस आली व बेळगाव शहराची मागणी फेटाळली गेली. महाराष्ट्राने अहवाल मान्य केला नाही. २००४ साली हा वाद सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला. २०१४ साली गावाच्या नावाचे सरकारी रूपही बदलले. या काळात मराठी शाळांची पटसंख्या, दुकानाच्या पाटीवरील लिपी, सातबाऱ्याची भाषा असे रोजचे प्रश्न मराठी माणसापुढे राहिले, आणि त्याबरोबरच शेजारच्या कानडी माणसाशी बाजारहाट, सोयरसंबंध, यल्लम्मेची यात्राही चालू राहिली. या गुंत्यात जगणाऱ्याला ‘मैना’चे शेवटचे कडवे जुने वाटत नाही. पहिल्या कडव्यांतली बाई आणि शेवटच्या कडव्यातली भूमी त्याच्या दृष्टीने एकाच घरातल्या आहेत. डांग आणि उंबरगावच्या नव्या पिढ्या गुजरातीत शिकल्या, कारवारचा प्रश्न कोकणीच्या अंगाने वेगळ्या वळणाला लागला. अण्णाभाऊंनी ज्या नावांची एकत्र मोट बांधली त्यांची दैवे पुढे निरनिराळी झाली.

अण्णाभाऊंचे उत्तरायुष्य सुखाचे गेले नाही. ‘फकिरा’ला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी तमाशातील स्त्रीच्या जीवनावरील त्यांच्या ‘वैजयंता’वरून चित्रपट निघाला, आणि ते रशियाला जाऊन आले, ‘माझा रशियाचा प्रवास’ हे पुस्तक झाले. घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडी मात्र पुष्कळ काळ सुटली नाही. राज्य झाल्यावर कलापथकाचे दिवस ओसरले. ज्या चळवळीला रात्र रात्र गाणारे शाहीर हवे होते तिची गरज भागली होती, आणि पुढच्या राजकारणाला ध्वनिक्षेपकावर तबकड्या वाजविणे पुरेसे झाले. १८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ गेले. वय अवघे एकोणपन्नास होत होते. सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले. लाल बावट्याचा शब्द आणि आवाज एकाच पावसाळ्यात नाहीसे झाले.

नंतर मान मिळाला. २००२ साली टपाल तिकीट निघाले, २०२० साली जन्मशताब्दी झाली, २०२२ साली मॉस्कोतील परदेशी वाङ्मयाच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला. ज्याला शाळेत धड बसता आले नाही त्याला ग्रंथालयात जागा मिळाली, आणि तीही स्टालिनग्राडवर गाणे करणाऱ्याला रशियात, हे वाचून त्यांच्यातला सोंगाडी नक्की काहीतरी बोलला असता.

छापील शाहिरी वाचताना नाममुद्रेकडे लक्ष देण्याची अभ्यासकांना सवय असते. शाहीर शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफतो आणि गाणे संपते. अज्ञानदासापासून ही रीत चालत आली आहे. शाळिग्रामांच्या संग्रहातील कित्येक पोवाड्यांचे कर्ते या नाममुद्रेवरूनच ठरविले गेले. ‘माझी मैना’तही अण्णाभाऊंची नाममुद्रा आहे, पण ती शेवटच्या कडव्यात नाही. जुलमी सत्तेच्या पाडावाचे वर्णन चालू असताना ते आपले नाव घेतात, मुंबई महाराष्ट्राची झाल्याचे सांगतात. रिवाजाप्रमाणे डफ येथे थांबायला हवा. शाहीर मात्र आणखी एक कडवे उचलतो. विजयाची गुढी उभारून झाली आहे आणि तरी याच्या मनाची तगमग थांबलेली नाही, कारण गावाकडच्या मैनेची भेट अजून झालेली नाही. आणि तशीच ताटातूट झालेल्या मुलखांची नावे तो घेऊ लागतो. त्या यादीत पहिले नाव बेळगावचे आहे.